हॅम्लेटचं स्वगत आणि मार्गारेटची जमीन

‘नटसम्राट’मधलं जगण्यामरण्याचं स्वगत आपल्यातल्या बऱ्याच जणींनी ऐकलंय. त्याचं मूळ शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये आहे. नाटक साधारण १६०० सालचं. आगरकरांनी १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ नावानं मराठीत आणलं.

बी.ए.ला मी हे स्वगत परीक्षेपुरतं वाचलं. बापाचा खून झाला, आईनं चुलत्याशी लग्न केलं, म्हणून राजपुत्राला जीव नकोसा झाला, असं लिहून मार्क मिळवले. पुढे नीट वाचलं, तर या विचारात तो ‘मी’ म्हणतच नाही, ‘आपण’ म्हणतो. बापाचा, आईचा उल्लेखही नाही. बोलतो कशाबद्दल? जुलमी माणसाचा अन्याय, न्यायाला होणारा उशीर, अधिकाऱ्यांचा उर्मटपणा. राजपुत्र कधी कचेरीबाहेर ताटकळला होता? वारसनोंदीसाठी खेटे घालणाऱ्या आमच्या गटातल्या बायकांना हे जास्त कळेल.

मग माणूस हे सोसतो का? मेल्यावर पुढे काय, या भीतीनं, असं हॅम्लेट म्हणतो. मला हे उत्तर अर्धंच वाटतं. मागे राहणाऱ्यांचं त्यात नाव नाही.

त्या काळी इंग्लंडात आत्महत्या हा गुन्हा होता आणि जाणाऱ्याची मालमत्ता सरकारजमा व्हायची. १५५४ मध्ये सर जेम्स हेल्स या न्यायाधीशानं पाण्यात जीव दिला. त्याच्या आणि बायकोच्या, मार्गारेटच्या, सामाईक नावावर पट्ट्याची जमीन होती. ती तिच्या हातून काढून दुसऱ्याला दिली गेली. मार्गारेट कोर्टात गेली. नवरा जिवंत होता तोवर गुन्हा पुरा झाला नव्हता, आणि तो गेला त्या क्षणी जमीन माझी झाली, असं तिच्या बाजूचं म्हणणं. वकिलांनी एका कृतीचे तीन तीन भाग पाडून कीस काढला. कोर्ट म्हणालं, कृती त्यानं जिवंतपणीच केली. १५६२ च्या सुमारास मार्गारेट हरली.

शेक्सपिअरला हा खटला ठाऊक असावा, असं अभ्यासक मानतात. कारण नाटकात पुढे ओफेलिया बुडून मरते, तेव्हा थडगं खणणारे असाच कीस काढतात: बाई पाण्याकडे गेली की पाणी बाईकडे आलं? हीच ओफेलिया त्या स्वगताच्या वेळी जवळच उभी असते, हातात पुस्तक घेऊन. बापानं उभी केलेली, राजा आणि बाप आडोशाला लपलेले. तिला काय वाटतं, हे कोणी विचारत नाही.

इंग्लंडातला तो जप्तीचा कायदा १८७० मध्ये गेला.