पूररेषा व घराचा विमा

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत, अर्जुनी-मोरगांव तालुक्यांत, प्रतापगड नांवाची एक टेकडी आहे. साताऱ्याकडील प्रतापगडाची कीर्ति एवढी मोठी कीं, त्याच्या ह्या नामबंधूची ओळख बहुतेक वाचकांस नसावी. टेकडीवर महादेवाचें स्थान आहे, ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नांवाचा दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा भरते. समुद्र येथून शेंकडों मैल दूर. तेव्हां पुराचीं क्षेत्रें व घराचा विमा हा किनाऱ्यावरचा विषय ह्या टेकडीपासून आरंभिणें विचित्र वाटेल. परंतु पाणी घरांत शिरलें म्हणजे तें खारें कीं गोडें, हा प्रश्न भिंतीस पडत नाहीं.

ह्या मुलखाचा इतिहास राजवंशांपेक्षां तलावांत अधिक लिहिलेला आहे. गोंड राजांनीं कोहळी लोकांस काशीकडून आणून येथें वसविलें, अशी परंपरा आहे. धानाच्या शेतीसाठीं ह्या लोकांनीं उताराच्या तोंडाशीं मातीची पाळ घालून तलाव बांधले. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधिला, असें सांगतात. तलाव भरला म्हणजे सांडव्यावरून पाणी खालच्या शेतांत जाई, तेथून खालच्या तलावांत, आणि मग ओढ्यास. अशा रीतीनें पावसाचें पाणी एकदम नदीवर न कोसळतां पायरीपायरीनें उतरे. व्यवस्था शेतीसाठीं होती, पण पुराचा जोर मोडण्यासही ती उपयोगीं पडे. पाळ फुटण्याचें भय मात्र सदैव असे. म्हणून तिची डागडुजी हें साऱ्या गांवाचें काम समजलें जाई. आमच्या मतें हाच ह्या मुलखाचा पहिला विमा. त्याचा हप्ता पैशानें नव्हे, तर टोपलीभर मातीनें भरावा लागे.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं; त्या पद्धतींत कुळांची जी स्थिति होती ती लपविण्याजोगी नाहीं. 1951 सालीं ती रद्द झाली हें योग्यच झालें. परंतु तिच्याबरोबर तलाव सरकारकडे गेले, ‘माजी मालगुजारी तलाव’ ह्या लांबलचक नांवाचें ‘मामा तलाव’ असें लघुरूप झालें, आणि पाळीवर माती कोणीं टाकावी हा प्रश्न अनुत्तरित राहिला. कित्येक तलाव गाळानें भरले. ज्या तलावांत पाणी मावत नाहीं, त्याच्या पोटांत शेत येतें, आणि शेतामागून घर.

पुढें काय होतें हें 2020 च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या कांठीं दिसलें. मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवरांतून पाणी सोडावें लागलें, आणि गोंदिया, भंडारा, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांतील नदीकांठचीं गांवें जलमय झालीं. अर्जुनी-मोरगांव तालुक्यांतील गाढवी नदीही शेवटीं ह्याच वैनगंगेस मिळते.

नदीनें आपली हद्द कोठवर मानावी हें ठरविणें मनुष्याच्या हातीं नाहीं. ती कोठवर येते हें मोजणें मात्र आहे. महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्यानें 1989 सालीं त्याविषयींचे नियम केले. सरासरीनें 25 वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांत एकदां येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. निळ्या रेषेच्या आंत बांधकामास मनाई. दोन रेषांच्या मध्यें निर्बंध. येथें सुशिक्षितांचाही एक घोटाळा होतो. ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणजे आतां नातवाच्या काळापर्यंत चिंता नाहीं, असा अर्थ ते घेतात. वस्तुतः दर वर्षीं शेंकडा 1 एवढा संभव, असा त्याचा अर्थ आहे. तीस वर्षांच्या मुदतीच्या कर्जानें जो गृहस्थ लाल रेषेवर घर घेईल, त्याच्या कर्जाच्या काळांत पूर येण्याचा संभव शेंकडा 26 होतो. आणि निळ्या रेषेवर घेईल तर शेंकडा 71!

विम्याची विद्या आपल्याकडे आगीच्या पाठीवर बसून आली. कलकत्त्यास 1850 सालीं ट्रायटन कंपनी निघाली. पूर व वादळ हीं संकटें पुढें आगीच्या विम्यास जोडण्यांत आलीं. आग एका घरास लागते. पूर साऱ्या पेठेस बुडवितो, म्हणून विमेवाले त्यास भितात. अमेरिकेंत 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरानंतर खासगी कंपन्यांनीं ह्या धंद्यांतून अंग काढून घेतलें, आणि 1968 सालीं सरकारलाच राष्ट्रीय पूरविमा योजना काढावी लागली. तिनें नद्यांचे व समुद्रकिनाऱ्यांचे नकाशे काढिले, लाटांच्या माऱ्याचीं क्षेत्रें निराळीं दाखविलीं. परंतु हप्ते धोक्याच्या मानानें अल्प ठेविले. परिणामीं तींच घरें त्याच जागीं पुन्हां पुन्हां बांधिलीं गेलीं, आणि 2017 सालीं योजनेचें 16 अब्ज डॉलरांचें कर्ज माफ करावें लागलें. नकाशा खरा आणि हप्ता खोटा, ह्याचें ह्याहून मोठें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

आपल्याकडे 2021 च्या एप्रिलपासून ‘भारत गृह रक्षा’ ह्या नांवाचा एकसारखा विमा सर्व कंपन्यांनीं देणें आवश्यक झालें. त्यांत पूर व वादळ आहे. इमारतीच्या विम्याबरोबर घरांतील सामानही विम्याच्या रकमेच्या शेंकडा 20 पर्यंत, परंतु 10 लाखांच्या मर्यादेंत, आपोआप धरिलें जातें. उलट, सरकारी मदतीच्या 2022 सालीं ठरलेल्या निकषांत सपाट प्रदेशांतील पूर्ण पडलेल्या घरास 1,20,000 रुपये आहेत. तेवढ्यांत चार भिंती कशा उभ्या राहतात, हें घर बांधलेल्या प्रत्येकास कळतें. असें असूनही आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत विमा म्हटला कीं आयुष्याचा. घराचा उतरवावा हें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि प्लॉट पाहावयास गेलें असतां रस्ता, शाळा, विहीर, दिशा सारें विचारलें जातें, निळी रेषा तेवढी राहून जाते.

त्या तालुक्यांत हिंडतांना एका अडलेल्या बोडीच्या कांठीं नवें, रंगविलेलें घर आम्हांस दिसलें. बरोबरच्या वृद्ध शेतकऱ्यास आम्हीं विचारलें, जागा स्वस्त मिळाली असेल? ते क्षणभर थांबले, काठीनें दाराच्या उंबऱ्याहून हातभर वरची भिंत दाखविली, आणि म्हणाले, “ते तं पान्याची जागा आहे जी.”