समुद्राची तार आणि दिवाणखान्यांतील केबल



गेल्या दिवाळींत माझ्या एका स्नेह्यांनीं घरीं सबवूफर आणला. सबवूफर म्हणजे केवळ खर्जाच्या नादासाठीं बनविलेला ध्वनिक्षेपक. सेकंदास सुमारें 20 पासून 120 पर्यंत कंपनांचा जो नाद, तेवढाच त्याचा प्रांत. डग्ग्याचा घुमारा, चित्रपटांतील मेघगर्जना, हीं त्याचीं कामें. परंतु यंत्र सुरू करतांच, गाणें लागण्यापूर्वींच, त्यांतून एक अखंड गुणगुण येऊं लागली. "केबल हलकी आहे, भारी घ्या," असा विक्रेत्याचा सल्ला पडला. स्नेह्यांनीं सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांची, पहिलीच्या दसपट किंमतीची केबल आणली. गुणगुण होती तशीच राहिली! तेव्हां ते मला विचारूं लागले, "मग योग्य केबल ती कोणती?" या प्रश्नाचें उत्तर तारायंत्राच्या इतिहासांत सांपडतें, म्हणून आज तो इतिहासच आपणांस सांगावयाचा आहे.

1858 सालच्या ऑगस्ट महिन्यांत आयर्लंडचें व्हॅलेन्शिया बेट आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्यें अटलांटिक महासागराच्या तळावरून पहिली तार टाकून पुरी झाली. राणी व्हिक्टोरियानें अमेरिकेच्या अध्यक्षांस धाडलेला शंभराच्या आंतील शब्दांचा संदेश पलीकडे पोहोंचण्यास सुमारें 16 तास लागले. असें कां व्हावें? ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, जे पुढें लॉर्ड केल्व्हिन या नांवानें विख्यात झाले, यांनीं याचें कारण तीन-चार वर्षें आधींच गणितानें दाखवून दिलें होतें. मध्यें तांब्याची तार, तिच्याभोंवतीं गटापर्चाचें वेष्टन आणि बाहेर समुद्राचें पाणी, अशी ही रचना म्हणजे विजेचा सांठा करणारा एक लांबच लांब रांजण होय. तो पुरेसा भरल्यावांचून पलीकडच्या टोकास संदेश उमटत नाहीं. तारेची लांबी दुप्पट झाली कीं विलंब चौपट होतो.

कंपनीचे विद्युत्‌-तज्ज्ञ व्हाइटहाउस हे मूळचे शल्यवैद्य. टॉमसन यांचा हा नियम त्यांना मान्य नव्हता. संदेश क्षीण येतो ना, मग जोर वाढवा, असा त्यांचा खाक्या. त्यांनीं सुमारें 2000 व्होल्ट दाबाचे झटके त्या तारेंत सोडले. तार बनवितांना व हाताळतांना तिच्यांत दोष अगोदरच शिरले होते. त्यांत हा मारा. महिनाभरांत ती कायमची मुकी झाली. पुढें 1866 सालीं अधिक जाड तांब्याची आणि अधिक जाड वेष्टनाची तार 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानें टाकली, आणि टॉमसन यांचें म्हणणें खरें ठरलें. याच जहाजानें 1870 सालीं मुंबईपासून एडनच्या दिशेनें तार सोडली, व त्याच वर्षीं मुंबईचा संदेश बहुतेक समुद्राखालूनच लंडनास जाऊं लागला.

दुसरी अडचण निराळी होती. दोन तारा शेजारून गेल्या म्हणजे एकीचा संदेश दुसरींत शिरतो. यावर तोड काढली ऑलिव्हर हेविसाइड यानें. हा एकेकाळीं न्यूकॅसल येथें तारकचेरींत नोकरीस होता, आणि त्याला ऐकूं कमी येत असे. त्यानें 1880 सालीं एक पेटंट घेतलें. दोन तारा शेजारीं न ठेवतां एक तार दुसऱ्या नळीसारख्या वाहकाच्या बरोबर मध्यभागीं ठेवावी, म्हणजे बाहेरचा उपद्रव आंत येत नाहीं व आंतला बाहेर जात नाहीं, ही त्यांतील कल्पना. अमेरिकेंत 1929 सालीं एस्पेनशीड आणि अ‍ॅफेल यांनीं हीच रचना एकाच केबलमधून अनेक संभाषणें नेण्यासाठीं सिद्ध केली. तिलाच आज कोअ‍ॅक्सिअल केबल म्हणतात. दूरचित्रवाणीची केबल तीच, आणि सबवूफरची केबलही तीच.

आतां या दोन धड्यांचा आपल्या दिवाणखान्याशीं मेळ घालूं. टॉमसन यांचा रांजण येथेंही आहे, पण केवढा? केबल पांच मीटर लांब, दर मीटरास 100 पिकोफॅरड सांठा, आणि पाठविणाऱ्या यंत्राचा अवरोध 1000 ओहम असें धरलें, तर नाद मंदावूं लागण्यास सेकंदाला तीन लक्षांहून अधिक कंपनें व्हावीं लागतात. आपला सबवूफर 120 वर थांबतो. शिवाय 100 कंपनांच्या विद्युत्‌-लहरीची केबलमधील लांबी सुमारें 2000 किलोमीटर भरते; तेथें पांच मीटरांची काय कथा! तात्पर्य, ज्या दोषांच्या भीतीनें भारी केबल विकली जाते, ते दोष या लांबीवर नाहींतच.

हेविसाइडचा धडा मात्र येथें पुरेपूर लागू पडतो. आपल्या घरांतील वीज सेकंदास 50 वेळां आंदोलतें आणि 50 हा आंकडा सबवूफरच्या प्रांतांत ऐन मध्यावर पडतो. लहान ध्वनिक्षेपक जी गुणगुण गिळून टाकतो, ती सबवूफर इमानानें ऐकवितो. म्हणून केबल घेतांना तांब्याची विणलेली दाट जाळी आहे ना, हें पाहावें, टोकांची आर.सी.ए. पिन घट्ट बसते ना, हें पाहावें. लांबी लागेल तेवढीच घ्यावी. आणि विजेच्या तारेला समांतर न नेतां, ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडावी. सोन्याचा मुलामा गंज टाळतो. गुणगुण टाळीत नाहीं.

एक भेद मात्र ध्यानांत ठेवावा. वरील सर्व विवेचन ज्याच्या पोटांतच अ‍ॅम्प्लिफायर असतो त्या सबवूफरविषयीं आहे. अ‍ॅम्प्लिफायर बाहेर असेल तर जाळीचें कारण नाहीं. तेथें जाड दुपदरी तार हवी. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या पांच मीटर तारेचा जाऊन-येऊन अवरोध ओहमाच्या नवव्या हिश्श्याएवढा होतो. चार ओहमांच्या ध्वनिक्षेपकास तो तीन टक्क्यांच्या आंत-बाहेर पडतो, आणि तेवढें पुरें आहे.

माझ्या स्नेह्यांची गुणगुण कशी गेली, हें सांगावयाचें राहिलें. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर एका भिंतीवरच्या प्लगांत आणि सबवूफर समोरच्या भिंतीवर होता. दोन्हींचें अर्थिंग निरनिराळ्या वाटांनीं जमिनीस जात होतें, केबलच्या जाळीनें तीं दोन्ही जोडलीं गेलीं, आणि त्या वेढ्यांतून विजेचा प्रवाह फिरूं लागला. आम्ही दोन्ही प्लग एकाच बोर्डावर लावले, जुनी स्वस्त केबल परत जोडली, आणि गुणगुण थांबली. कांहीं लोक अशा वेळीं प्लगाची अर्थिंगची पिनच तोडतात. तें कोणीं कदापि करूं नये. ती पिन आपल्या जिवाच्या रक्षणासाठीं आहे.

व्हाइटहाउस यांनीं दोष कोठें आहे हें न पाहतां जोर वाढविला. माझ्या स्नेह्यांनीं तेंच न पाहतां पैसा वाढविला. एकाची तार गेली, दुसऱ्याचे रुपये गेले. दोष आधीं शोधावा, मग दुकानाची पायरी चढावी, इतकेंच त्या समुद्राच्या तळावरील मुक्या तारेचें सांगणें आहे.