योझेफ विर्शिंग : म्युनिकहून मालाडला आलेला छायालेखक

१/ १९२५ साली म्युनिकचा एक बावीस वर्षांचा तरुण कॅमेरा घेऊन भारतात आला. १९६७ साली मुंबईतच त्याचे निधन झाले. मधल्या काळात हिंदी चित्रपटांतील कित्येक अविस्मरणीय दृश्ये त्याच्या भिंगातून टिपली गेली, आणि याच काळात येथील सरकारने त्याला ‘शत्रू’ ठरवून तारेच्या कुंपणाआडही ठेवले. योझेफ विर्शिंग हे त्याचे नाव. आजचा धागा त्यांच्याविषयी, आणि ‘परका’ कोणाला म्हणायचे या प्रश्नाविषयी.

२/ प्रारंभ म्युनिकमधील एमेल्का या चित्रसंस्थेत झाला. हिमांशु राय तेथे एक प्रस्ताव घेऊन गेले होते. विषय होता गौतम बुद्धांचे चरित्र, आधार एडविन अर्नोल्ड यांच्या काव्याचा आणि पटकथा निरंजन पाल यांची. यंत्रसामग्री व तंत्रज्ञ जर्मनांनी द्यावेत, भांडवल व नटसंच भारतीयांनी उभा करावा, असे ठरले. दिग्दर्शक फ्रांझ ओस्टेन यांच्यासोबत आलेल्या छायालेखकांत विर्शिंग होते.

३/ त्यातून १९२५ चा मूकपट ‘प्रेम संन्यास’ साकारला. जयपूरच्या महाराजांच्या साह्यामुळे खरे वाडे, हत्ती आणि लवाजमा उपलब्ध झाला. स्टुडिओतील देखावे वा कृत्रिम दिवे न वापरल्याचा उल्लेख चित्रपटाने स्वतःच अभिमानाने केला आहे. मात्र प्रारंभीची दृश्ये लक्षपूर्वक पाहावीत. तेथे युरोपीय प्रवासी भारत पाहत हिंडतात आणि बुद्धाची कथा त्यांना सांगितली जाते. हा कॅमेरा अद्याप पाहुण्याचा आहे.

४/ १९३४ साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मालाड येथे ‘बॉम्बे टॉकीज’ स्थापन केली. तेव्हा पूर्वीचे म्युनिककर पुन्हा आले. दिग्दर्शनाला ओस्टेन, छायालेखनाला विर्शिंग, रसायनशाळेत विल्हेल्म झोले, कलादिग्दर्शनाला वास्तुविशारद कार्ल फॉन श्प्रेटी. यावेळी ते एका चित्रपटापुरते आलेले पाहुणे नव्हते. कचेरी, वेतन आणि रोजचे सहकारी असलेली ती नोकरी होती.

५/ कामाचे स्वरूपही पालटले होते. मूकपट उघड्यावर सूर्यप्रकाशात चित्रित करता येत असे. बोलपटात ध्वनिमुद्रणासाठी शांतता आवश्यक, म्हणून बंदिस्त स्टुडिओ आवश्यक, आणि बंदिस्त जागेत प्रकाश निर्माण करावा लागतो. कोणता दिवा चेहऱ्यावर पडावा, कोणता मागून केसांच्या कडा उजळावा, कोणता कोपरा अंधारात राहावा, हे छायालेखकाने ठरवायचे. जर्मन मूकपटांनी सावलीला कथनाचे साधन केले होते. विर्शिंग त्याच परंपरेत घडले होते.

६/ या चमूचा सर्वाधिक गाजलेला चित्रपट १९३६ चा ‘अछूत कन्या’. रेल्वे फाटकाच्या चौकीदाराची अस्पृश्य मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण तरुण प्रताप यांची ही शोकांतिका. कथा निरंजन पाल यांची, संगीत सरस्वती देवींचे, भूमिका देविका राणी व अशोक कुमार यांच्या. अशोक कुमार मूळचे याच संस्थेच्या रसायनशाळेत काम करणारे! दिग्दर्शक ओस्टेन यांना हिंदी येत नव्हते; संवादांसाठी ते भारतीय सहकाऱ्यांवर अवलंबून असत.

७/ येथे एक अवघड गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या १९३६ साली ‘अछूत कन्या’ प्रदर्शित झाला, त्याच वर्षी फ्रांझ ओस्टेन यांनी नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. जन्मावरून माणसाला हीन ठरवण्याविरुद्धचा चित्रपट, आणि दिग्दर्शक जन्मावरूनच माणसांची प्रतवारी करणाऱ्या पक्षाचा सदस्य. पैकी एक गोष्ट सांगून दुसरी झाकणे हे इतिहासलेखन नव्हे. चित्रपट एकट्या दिग्दर्शकाचा नसतो, एवढे मात्र यातून स्पष्ट होते. त्यातील सामाजिक विचार लेखकाच्या आणि निर्मात्यांच्या लेखणीतून आला होता.

८/ चित्रपटाबाहेरही विर्शिंग छायाचित्रे टिपत असत. चित्रीकरणाच्या तयारीत असलेले नट, अवजड दिवे, ध्वनिग्राहक सांभाळणारे तंत्रज्ञ, दोन दृश्यांमधला विसावा. पडद्यावर न दिसणारी चित्रपटाची मजुरी या छायाचित्रांत दिसते. त्या काळातील अनेक चित्रपटांच्या प्रतीही आज उपलब्ध नसताना, हे छायाचित्रण म्हणजे १९३० च्या दशकातील मुंबईच्या एका कारखान्याची नोंदवहीच ठरते.

९/ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि ब्रिटिश भारतातील जर्मन नागरिक एका रात्रीत ‘शत्रुराष्ट्रीय’ झाले. ‘कंगन’चे काम चालू असतानाच बॉम्बे टॉकीजमधील जर्मनांना ताब्यात घेण्यात आले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), देवळाली, डेहराडून येथे जर्मनांसाठी छावण्या होत्या. साताऱ्यातही बंदिवानांना ठेवले जाई. वयस्कर ओस्टेन यांना १९४० मध्ये सोडून मायदेशी पाठवले गेले. विर्शिंग यांचे युद्धकाळातील उमेदीचे दिवस मात्र स्थानबद्धतेत सरले.

१०/ मग बॉम्बे टॉकीज थांबली का? नाही. मे १९४० मध्ये हिमांशु राय यांचेही निधन झाले, तरी स्टुडिओ चालू राहिला. १९४३ चा विक्रमी ‘किस्मत’ ज्ञान मुखर्जी यांनी दिग्दर्शित केला आणि छायालेखन होते आर. डी. परींजा यांचे, जे याच संस्थेच्या छायालेखन विभागात तयार झाले होते. ‘जर्मनांनी आपल्याला चित्रपट शिकवला’ हे वाक्य अपुरे आहे. शिकणाऱ्यांनी तो स्वतःच्या बळावर पुढे नेला, हा त्याचा उत्तरार्ध.

११/ युद्ध संपल्यावर अनेक जर्मन बंदिवानांची जहाजाने जर्मनीला रवानगी झाली. विर्शिंग येथेच राहिले. स्वतंत्र भारतात, त्याच मालाडच्या संस्थेसाठी त्यांनी कमाल अमरोही यांचा ‘महल’ (१९४९) चित्रित केला. ओसाड हवेली, हलता झोपाळा, अंधारातून उजळत येणारा मधुबालाचा चेहरा. १९२५ च्या चित्रपटातील युरोपीय प्रवासी येथे कोठेही नाहीत. बाहेरच्या कोणाला भारत दाखवण्याची निकड उरलेली नाही. हा कॅमेरा आता घरातल्या माणसाचा आहे.

१२/ याच चित्रपटातील गाण्याने लता मंगेशकर घराघरांत पोहोचल्या. पण सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे नाव नव्हते. ‘कामिनी’ या पात्राचे होते. पडद्यामागील माणसांची नावे मागे राहणे हा त्या व्यवसायाचा प्रघात होता. विर्शिंग यांचे विस्मरण केवळ ते परदेशी होते म्हणून झाले, असे म्हणता येत नाही.

१३/ मालाडला एकत्र काम केलेल्या तिघांच्या वाटा पाहा. ओस्टेन १९५६ मध्ये जर्मनीत वारले. श्प्रेटी युद्धापूर्वीच परतले, पुढे पश्चिम जर्मनीचे राजदूत झाले आणि १९७० मध्ये ग्वाटेमालात त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. विर्शिंग मुंबईत कॅमेऱ्यामागे उभे राहिले. एकाच देशाचे, एकाच स्टुडिओतले तिघे. पण ‘जर्मन’ या एका शब्दात तिघांचे भारताशी असलेले नाते मावत नाही.

१४/ त्यांचे अखेरचे मोठे काम ‘पाकीजा’. कृष्णधवल छायाप्रकाशात मुरलेला हा कलावंत येथे रंग आणि सिनेमास्कोपच्या रुंद चौकटीत काम करीत होता. चित्रपट वर्षानुवर्षे रेंगाळला. १९६७ मध्ये विर्शिंग यांचे निधन झाले. उरलेला भाग इतर छायालेखकांनी पूर्ण केला. फेब्रुवारी १९७२ मध्ये मुंबईच्या मराठा मंदिरात तो झळकला, तेव्हा श्रेयनामावलीत त्यांचे नाव होते, ते पाहायला ते नव्हते.

१५/ त्यांचा छायाचित्रसंग्रह कुटुंबीयांनी जपला. २०१७ मध्ये गोव्यातील सेरेंडिपिटी कला महोत्सवात तो प्रदर्शनरूपाने लोकांसमोर आला. मालाडमध्ये स्टुडिओच्या जागेवर आज कारखाने व गाळे आहेत, परंतु त्या परिसराला लोक अजूनही ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ म्हणतात.

१६/ १९३९ च्या सरकारने विर्शिंग यांना पारपत्रावरून ओळखले. आपण त्यांना कामावरून ओळखावे. त्याच निकषाने ओस्टेन यांचे कामही पाहावे आणि त्यांनी निवडलेला पक्षही विसरू नये. पुढच्या वेळी ‘महल’ किंवा ‘पाकीजा’ पाहाल तेव्हा श्रेयनामावली पुढे ढकलू नका. तेथे क्षणभर एक जर्मन नाव येते. ते मुंबईकराचे नाव आहे.

धागा समाप्त.