मतपेटी ते टरेट: घाटकोपर-विक्रोळीचे पत्राकाम

घाटकोपरहून ठाण्याकडे जाणारा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, मुंबईच्या पत्राकामाचा एक कणाच. शेजारच्या विक्रोळीत गोदरेजने १९५१ मध्ये पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी लाखो पोलादी मतपेट्या घडवल्या. पॉवरप्रेसच्या त्या काळात प्रत्येक आकाराच्या भोकासाठी पंच आणि डायची वेगळी जोडी लागे. टूलरूममधला कारागीर ती कानशीने घासून जुळवी.

पुढे टरेट पंच प्रेसच्या फिरत्या चकतीत अनेक पंच एकदम बसू लागले. संगणक आल्यावर प्रत्येक पंचाची नोंद सॉफ्टवेअरमध्ये करणे भाग पडले: आकार, मापे, कोन, कप्प्याचा क्रमांक. लांबट पंचाचा कोन ९० अंशांनी चुकला, की अख्खा पत्रा भंगारात.

सर्वांत नाजूक बाब पंच-डायमधल्या फटीची. २ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्याला ती एकूण सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवतात. कमी पडली तर पंच लवकर बोथटतो. जास्त झाली तर भोकाच्या कडेला मोठी बर, म्हणजे धातूची उभी धार, राहते. जुने फिटर ही फट कडेवरून बोट फिरवून ओळखत. त्या ज्ञानाचे मोल मोठे आहे. सॉफ्टवेअरमध्ये तेच पत्र्याची जाडी आणि धातू यांच्या तक्त्यात भरले जाते.