सुभेदार रामजीबाबा : आपल्या सर्वांचे आजोबा

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त स्मरणिका निघत आहे. संपादक मंडळाने आम्हांस "इतिहासावर काहीतरी लिहा" असा आग्रह केला. आम्ही पडलो गिरणी कामगार. पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून जे पदरी पडलं तेवढीच आमची शिदोरी. तरी एक विषय फार दिवसांपासून मनात घोळत होता. बाबासाहेबांना आपण बाप मानतो. मग त्यांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे आपले आजोबाच झाले की नाही? पण या आजोबांची आपल्या पोराबाळांना ओळख किती? बाबासाहेबांच्या नावातलं मधलं नाव, एवढीच.

दुसरी एक गोष्ट. काही तरुण आम्हांस विचारतात, "रामजीबाबा कबीरपंथी, घरात भजन करणारे, पोरांकडून रामायण-महाभारत वाचून घेणारे. आपण बौद्ध. मग विहारात त्यांची आठवण कशाला?" प्रश्न सरळ आहे. त्याला बगल देऊन चालणार नाही. म्हणूनच हा लेख.

रामजीबाबांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. वडील मालोजी हेही फौजेतले. सासरे मुरबाडकर हेसुद्धा सुभेदार मेजर. म्हणजे दोन्ही घरं लष्करी. आपल्या लोकांचा फौजेशी संबंध फार जुना. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला जो विजयस्तंभ उभा राहिला, त्यावर '-नाक' शेवट असलेली आपल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत, ती आपण दरवर्षी पाहतोच.

पण फौजेनं बंदुकीपेक्षा मोठी एक वस्तू आपल्याला दिली. ती म्हणजे पाटी. गावात शाळेच्या पायरीला शिवता येत नव्हतं, तेव्हा छावणीत शिपायांना आणि त्यांच्या पोरापोरींना शिकवायची सोय होती. रामजीबाबा तिथेच शिकले, शिक्षक झाले, पुढे लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले, ते चौदावं अपत्य.

पुढे भीमराव लहान असतानाच रामजीबाबा पेन्शनीत निघाले. त्याच सुमारास सरकारनं महारांची फौजेतली भरती बंद केली. याचा अर्थ नीट समजून घ्या. नोकरी गेली हे तर झालंच, पण त्याबरोबर पाटीही गेली. पुढच्या पिढीला छावणीची शाळा मिळणार नव्हती. रामजीबाबा गप्प बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं त्यांनी या बंदीविरुद्ध सरकारकडे अर्ज तयार केला, असं चरित्रकारांनी नोंदवलं आहे. त्या वेळी बंदी उठली नाही. मग या म्हाताऱ्या फौजीनं काय केलं? घराचीच छावणी केली.

दापोली, सातारा करत कुटुंब मुंबईस आलं. परळला डबक चाळीत एक खोली. तिथेच चूल, तिथेच जातं, तिथेच अभ्यास. आम्हां चाळकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जागा नव्हती म्हणून बाबांनी वेळेची वाटणी केली. पोरगा लवकर झोपे, बाप रात्री दोनपर्यंत जागा राही आणि पोराला उठवून मग स्वतः पाठ टेके. म्हणजे एकाच खोलीत दोन पाळ्या! हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं, तर्खडकरांच्या भाषांतरमाला बाबांनी स्वतः करून घेतल्या. पुस्तकाला पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींच्या दारी जात. त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की सोडवत. लेकींनीही कधी नाही म्हटलं नाही. त्या आत्याबाईंचे उपकारही आपण विसरू नये.

आता भक्तीचं सांगतो. बाबांनी दारू-मटण सोडलेलं. सकाळ-संध्याकाळ घरात भजन, पोरांनी हजर राहायचं, सबब चालायची नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी ६ एप्रिल १९५६ रोजी जी प्रस्तावना लिहिली तीत वडिलांच्या धार्मिकपणाबद्दल आलं आहे. भीमरावांचा परीक्षेबद्दल सत्कार करायचा वस्तीनं ठरवलं, तर बाबांचा विरोध. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. अखेर त्यांचे स्नेही दादा केळुसकर यांनी त्यांना राजी केलं आणि त्याच सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिलं.

ते वाचून पोरगा बापासमोर उभा राहिला. ज्या पोथ्यांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी, त्या आम्हांला का वाचायला लावता? बौद्ध वाङ्मय का नाही दाखवलं? बाबांनी समजावलं की आपण अस्पृश्य, मनात न्यूनगंड येतो. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे लहान स्थितीतून किती वर चढले ते पाहा. पोराचं समाधान झालं नाही. त्यानं राम-कृष्णांवर सरळ टीका केली. बाबा गप्प राहिले. पोरगा बंड करतो आहे हे त्यांनी ओळखलं.

बंधूंनो, त्या गप्प राहण्यात फार मोठं मन आहे. फौजी शिस्तीचा, भाविक माणूस. हात उगारता आला असता, पुस्तक हिसकावता आलं असता. काहीच केलं नाही. मुलाला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं. ती वाट १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरास पोचली. कबीरांनाही बाबासाहेबांनी बुद्ध आणि जोतीबांबरोबर गुरू मानलं. तेव्हा तरुणांना आमचं उत्तर हेच : पोथी आपण सोडली, ते बरोबरच केलं. पण पोथीवर प्रश्न विचारू देणारा बाप सोडायचा नसतो.

१२ डिसेंबर १९१२ रोजी यशवंतराव जन्मले आणि रामजीबाबांना या नातवाचं सुख मिळालं. पण ते सुख दोन महिनेही लाभलं नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले. मुलाचं कोलंबिया त्यांनी पाहिलं नाही. १९२३ साली बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आई-वडिलांच्या स्मृतीस अर्पण केला, तो त्यांनी आपल्या शिक्षणासाठी केलेल्या त्यागाबद्दल.

आपल्या वस्तीतही कित्येक घरांत आजोबा-पणजोबा फौजेत होते. कुणी १९१७ ला उभारलेल्या आणि १९२१ ला मोडलेल्या १११ महार पलटणीत, कुणी १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात सुरू झालेल्या महार रेजिमेंटमध्ये. ट्रंकेच्या तळाशी त्यांची बिल्ले-मेडलं, पेन्शनची पुस्तकं पडून असतील. ती भंगारवाल्याला देऊ नका. म्हाताऱ्यांना विचारा, वहीत उतरवून ठेवा, विहारात आणून दाखवा. आणि घरात पोर उलटा प्रश्न विचारू लागलं तर त्याला दटावू नका. रामजीबाबांची आठवण ठेवा.

जय भीम! नमो बुद्धाय!