चालू अपत्य-प्रक्रियेचे वाचन : एका विलंबाचा पूर्वेतिहास

पायथन भाषेतील एखादी आज्ञावली दुसरीस जन्म देते आणि ते अपत्य चालू असतानाच त्याचा मजकूर ओळीओळीने वाचू पाहते. परंतु बराच काळ काहीच हाती येत नाही, आणि अखेरीस सारा मजकूर एकदम येऊन पडतो. अपत्य काम करीत आहे की अडकले आहे, हे तोवर कळावयास मार्ग नसतो. याचा दोष बहुधा वाचणाऱ्या पायथनला दिला जातो. इतिहास पाहता हा आरोप फारसा टिकत नाही.

एका आज्ञावलीचा मजकूर थेट दुसरीत सोडण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतील डग्लस मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ च्या टिपणात मांडली. बागेतील नळीस नळी जोडण्याची उपमा त्यांचीच. केन टॉम्प्सन यांनी १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत तिला 'पाइप'चे रूप दिले. पाइप स्वतः विलंब लावीत नाही. तीत पडलेला बाइट दुसऱ्या टोकाशी तत्काळ वाचता येतो. विलंबाचे मूळ लिहिणाऱ्याकडे आहे. प्रत्येक लेखनासाठी प्रणालीच्या गाभ्यास विनंती करणे महाग पडे. म्हणून १९७९ च्या सातव्या युनिक्स-आवृत्तीतील 'स्टँडर्ड आय-ओ' लायब्ररीने काटकसर केली : समोर टर्मिनल, म्हणजे माणूस, असल्यास मजकूर लगेच पाठवावा, नसल्यास बफरमध्ये साठवावा व बफर भरल्यावरच पाठवावा. १९८९ च्या सी-मानकानेही हा भेद मान्य केला.

काटकसर त्या काळास योग्यच होती. परंतु तिचा निर्णय अपत्य घेते, पालक नव्हे. पालकाने आपल्या बाजूचा बफर शून्यावर आणला तरी अपत्याचे मौन सुटत नाही. लिनक्सवर असा बफर बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. दर सेकंदास ४० बाइटांची एक ओळ लिहिणारे सी-भाषेतील अपत्य त्यामुळे जवळजवळ पावणेदोन मिनिटे मुके भासते.

पीटर ओस्ट्रँड यांच्या २००३ च्या प्रस्तावातून पायथनचा 'सबप्रोसेस' विभाग निघाला व २००४ च्या २.४ आवृत्तीत आला. त्यातील 'कम्युनिकेट' अपत्य संपेपर्यंत थांबते, म्हणून चालू वाचनास 'रीडलाइन'च घ्यावे लागते. पायथन सर्वस्वी निर्दोष होता, असेही नाही. दुसऱ्या मालिकेत फाइलवर 'फॉर'चा फेरा चालविला असता पुढील मजकूर आधीच गुपचूप ओढून ठेवला जाई. ही खोड २००८ च्या तिसऱ्या मालिकेत गेली. अपत्याची काटकसर मात्र राहिली.

अपत्य आपल्या हातचे असेल तर त्याने प्रत्येक ओळीनंतर बफर रिता करावा, हा सरळ उपाय. परक्या अपत्यासाठी डॉन लिब्स यांनी १९९० मध्ये 'एक्स्पेक्ट' या साधनात निराळी युक्ती योजली : पाइपऐवजी मिथ्या टर्मिनल. समोर माणूस आहे अशा समजुतीने अपत्य वेळेवर बोलू लागते; फक्त ओळीच्या शेवटी एक 'कॅरेज रिटर्न' चिन्ह जादा येते, ते वाचणाऱ्याने काढून टाकावयाचे.