कंप थांबला, पण...

लंडनच्या जेम्स पार्किन्सननी १८१७ साली कंपवातावर निबंध लिहिला. हात थरथरतात, पण बुद्धी शाबूत राहते, असा त्यांचा समज होता. पुढे १९६७ मध्ये जॉर्ज कोट्झियास यांनी डोपाचे मोठे डोस देऊन जखडलेली माणसं हलती केली. १९९७ मध्ये अमेरिकेत प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही डोपामिनची नक्कल करणारी औषधं आली.

आणि मग काही रुग्णांना जुगाराचा नाद लागल्याचं डॉक्टरांच्या ध्यानात आलं! २००३ च्या एका अभ्यासात १,८८४ रुग्णांत असे ९ जण सापडले. २०१० मध्ये ३,०९० रुग्णांना थेट प्रश्न विचारले गेले. जुगार, खरेदी, कामवासना किंवा खाणं यांपैकी काहीतरी आवरत नाही, असे लोक ही औषधं घेणाऱ्यांत १७.१ टक्के निघाले. न घेणाऱ्यांत ६.९.

आपल्याकडे याला सरळ 'म्हातारचळ' म्हणून मोकळे होतात. मला तो शब्द आता टोचतो. पाऊल उचलायला लागणारं रसायनच हावही जागवतं, तर दोष कुणाचा? औषध परस्पर बंद करणं धोक्याचं. पण डॉक्टरांनी डोस कमी केला की पुष्कळांचा हा नाद ओसरतो. त्यासाठी कुणीतरी आधी विचारायला हवं, आणि रुग्णाला लाज न वाटता सांगता यायला हवं.